येथे गाडी लावू

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेले चार महिने एक पाटी भिंतीला टेकून उभी आहे. सागवानी, १८ इंच लांब, अक्षरं सुबक आणि खोल. तिच्यावर कोरलंय, ‘येथे गाडी लावू’. एवढंच. पुढचं ‘नये’ कोरायच्या आत यंत्र थांबलं, फळी वाया गेली, म्हणून मी ती खाली नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी तिच्यापुढे एक स्कूटर लागायला लागली. स्कूटरवाल्या पोराला हटकलं, तर म्हणाला, ‘‘लिहिलंयच की तसं, काका.’’ पाटी वाचून तिच्याबरहुकूम वागणारा माणूस पुण्यात उभ्या जन्मात एखादाच भेटायचा. तो भेटला, आणि नेमका माझ्या अर्धवट पाटीला भेटला.

यंत्र म्हणजे माझं सीएनसी राउटर, संगणकाच्या सांगण्यावरून लाकूड कोरणारं. नोकरीतून मोकळी झालेली माणसं वारीला जातात, गड चढतात, काही जण सोसायटीचे सेक्रेटरी होतात. मी ड्राय बाल्कनीत सीएनसी यंत्र उभारलं. सुरुवातीला ‘३०१८’ नावाचं, खोक्यातून येणारं छोटं यंत्र घेतलं होतं. त्याच्या नावातच त्याची जागा लिहिलेली असते, ३० सेंटिमीटर बाय १८. म्हणजे यंत्रांतलं वन रूम किचन. वर्षभरात हाव सुटली. मग अ‍ॅल्युमिनियमचे बार, जुन्या बाजारात घासाघीस करून उचललेल्या स्टेपर मोटरी, तपकीर गल्लीतून आणलेल्या वायरी आणि कोरण्यासाठी सुताराच्या हातात असतो तसला ट्रिमर राउटर, असं सगळं जुळवून स्वतःचं यंत्र केलं. वॉशिंग मशीनला जरा सरकावं लागलं. त्याबद्दल घरात अजून बोललं जातं.

या यंत्राचं डोकं म्हणजे आर्डुइनो नावाचा छोटा सर्किट बोर्ड, आणि त्या डोक्यात ‘ग्रबल’ नावाचा प्रोग्रॅम. सिमेन स्वाले स्कोग्सरुड नावाच्या नॉर्वेच्या गृहस्थाने तो २००९ मध्ये लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला. बोटाच्या पेराएवढ्या चिपवर बसून तो तीन मोटरींना एकाच वेळी नाचवतो. एक टिचकी मारली की मोटर १.८ अंश वळते, २०० टिचक्यांत एक फेरा. प्रत्येक रुळाच्या टोकाला एक चिमुकलं बटण असतं, लिमिट स्विच. गाडा सरकत टोकाला गेला की बटण दाबलं जातं, चिपला कळतं की पुढे भिंत आहे. ती सगळा कारभार जागच्या जागी थांबवते आणि पडद्यावर लिहिते, अलार्म १.

माझा गाडा असायचा फळीच्या मधोमध, बटणापासून चांगला हातभर लांब, आणि पडद्यावर अलार्म १. दार कुणी वाजवलेलं नसतं, तरी घरातले आजोबा दर पाच मिनिटांनी ‘कोण आहे?’ म्हणत उठून बसतात, त्यातली गत. बरं, रोज उठले असते तर सवय झाली असती. हे कधी दोन तास गाढ झोपायचे आणि शेवटच्या अक्षराला दचकायचे.

तारांतून येणाऱ्या या दचकवणाऱ्या उपद्रवाला म्हणतात नॉइज. मराठीत गोंगाट म्हणावं, तर तो ऐकू येत नाही, आणि ऐकू न येणारा गोंगाट ही कल्पनाच आमच्या घराला परकी. लहानपणी मात्र तोही ऐकू यायचा. आमच्याकडे पहिला मिक्सर आला तेव्हा आईने चटणी लावली रे लावली की रेडिओवर बातम्यांऐवजी खरखर सुरू व्हायची. बाबा ओरडायचे, ‘‘अगं, जरा थांब, मंत्रिमंडळ बदलतंय!’’ चटणी होईपर्यंत मंत्रिमंडळ बदलून झालेलं असायचं. पुढे टीव्ही आला, तेव्हा खरखरीला रूप मिळालं. मिक्सर लागला की निवेदिकेच्या चेहऱ्यावर आडव्या रेघा आणि मुंग्या.

मिक्सरच्या मोटरीत कोळशाच्या दोन कांड्या असतात, कार्बन ब्रश. फिरत्या तांब्यावर त्या घासत राहतात आणि सेकंदाला शेकडो बारीक ठिणग्या उडतात. हाइनरिश हर्ट्झने १८८७ मध्ये रेडिओलहरी पहिल्यांदा पकडून दाखवल्या, त्याही ठिणगीच पाडून. म्हणजे आमच्या ओट्यावर रोज सकाळी एक प्रक्षेपण केंद्र चालायचं. कार्यक्रम एकच, चटणी.

एवढं ज्ञान असल्यावर संशय कुणावर जाणार हे उघड होतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंवर. त्यांचा मिक्सर जुना आहे आणि तो लागला की आमच्या छतालाही कळतं. मी वहीत दोन रकाने आखले, एकात अलार्मची वेळ, दुसऱ्यात मिक्सरची. आठवड्याभरात तीन नोंदी जुळल्या. न जुळलेल्या अकरा मी बारीक अक्षरात लिहिल्या होत्या, त्या डोळ्यांत भरल्या नाहीत. वही घेऊन वर गेलो आणि शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, ‘‘काकू, संध्याकाळी चार ते सहा मिक्सर नाही लावलात तर फार उपकार होतील.’’ काकूंनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ‘‘बरं,’’ म्हणाल्या. त्या ‘बरं’चा अर्थ मला कळायला पुढे महिना लागला.

मिक्सर बंद झाला, अलार्म चालूच राहिला. मग मी लिफ्टवर संशय घेतला, पाण्याच्या पंपावर घेतला, आमच्याच फ्रिजचं बटण बंद केलं आणि आइस्क्रीम वितळल्याचं बायकोला रात्री कळलं. आईने शांतपणे यंत्राला लिंबू-मिरची बांधली. मी विरोध केला नाही. माझ्या सगळ्या उपायांपेक्षा ते स्वस्त होतं.

शेवटी भाच्याला बोलावलं. तो भोसरीत मोठ्या यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. रविवारी आला, पोहे खाल्ले, बाल्कनीत डोकावला आणि डॉक्टरसारखा पहिलाच प्रश्न केला, ‘‘मामा, हे कधीपासून?’’

‘‘दिवाळीपासून.’’

‘‘दिवाळीत काय केलंत?’’

‘‘काही नाही. साफसफाई.’’

तो यंत्राजवळ उकिडवा बसला आणि हसायला लागला. दिवाळीआधी माझ्या वायरी जमिनीवर शेवयांसारख्या पसरलेल्या असायच्या. पाहुणे यायचे म्हणून मी त्या सगळ्या गोळा करून एका काळ्या साखळीनळीत कोंबल्या होत्या. मोटरीच्या, लिमिट स्विचच्या आणि राउटरची २३० व्होल्टची केबल, साऱ्या एकत्र, दर चार इंचांवर प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून आवळलेल्या. इतकं देखणं काम झालं होतं की फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता आणि साताऱ्याच्या आत्यानेसुद्धा अंगठा दिला होता. यंत्र पसाऱ्यात सुखाने चाललं होतं. ते बिघडलं माझ्या टापटिपीने. हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. पसाऱ्याच्या बाजूने एवढा भक्कम शास्त्रीय पुरावा मी योग्य वेळेसाठी राखून ठेवला आहे.

‘‘पंगत चुकलीय तुमची,’’ भाचा म्हणाला. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे ओर्स्टेडने १८२० मध्ये पाहिलं. ते क्षेत्र कमीजास्त झालं की शेजारच्या तारेत आपोआप वीज उमटते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. म्हणजे शेजारणीला मुद्दाम काही सांगावं लागत नाही, तिला कळतंच. किती कळणार हे दोघी किती जवळून आणि किती लांबपर्यंत सोबत गेल्यात त्यावर. लग्नाच्या पंगतीत कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही हे ठरवणारी एक मावशी प्रत्येक घरात असते. आत्याबाईंच्या शेजारी धाकट्या काकू बसल्या तर जिलबी येईपर्यंत १९९२ ची वाटणी निघते. माझ्या यंत्रात मी सगळ्या जावा-नणंदा एका पाटावर बसवल्या होत्या, वर बांधून.

मग भाच्याने पंगत नव्याने मांडली. मोटरीच्या वायरी एका बाजूने, स्विचच्या दुसऱ्या बाजूने, मध्ये वीतभर अंतर. जिथे एकमेकींना ओलांडावंच लागेल तिथे काटकोनात. ‘‘समोरून आल्या तर नमस्कार करून पुढे जातात,’’ तो म्हणाला, ‘‘बरोबरीने चालायला लागल्या की गप्पा.’’

‘‘पण सगळ्यात जास्त बोलतंय कोण?’’ मी विचारलं. त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, राउटरच्या बाजूची गोल टोपी काढली आणि आतून काळी कांडी ओढून माझ्या तळहातावर ठेवली. कोळसा. ‘‘ओळखीची वाटते?’’ ट्रिमर राउटरमध्ये आणि मिक्सरमध्ये मोटर एकाच जातीची असते, युनिव्हर्सल मोटर. हा फक्त जास्त वेगाने, मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत पळतो आणि चटणीऐवजी भुसा काढतो. महिनाभर मी वरच्या मजल्यावरच्या मिक्सरवर पाळत ठेवून होतो, आणि माझ्या यंत्राच्या छातीवर मिक्सरच बसलेला होता. तोही बिनझाकणाचा.

आता बिचारा स्विच एवढा हळवा का, हेही ऐकण्यासारखं आहे. स्विचची तार चिपने आतल्या आत पाच व्होल्टवर ओढून धरलेली असते, पण ज्या रोधातून ओढते तो २० ते ५० किलोओहमचा. म्हणजे तारेत वाहणारी वीज फार तर एका मिलिअँपिअरचा चौथा भाग. दोन मीटरचा दोर करंगळीने ताणून धरावा, तसं. व्होल्टेज क्षणभर दीडच्या खाली गेलं की चिप म्हणते, बटण दाबलं! आणि ‘क्षणभर’ हा शब्द तिच्यासाठी आपल्यापेक्षा फार मोठा आहे. तिच्या घड्याळाचे सेकंदाला एक कोटी ६० लाख ठोके पडतात. ठिणगी ही तिच्या हिशेबाने सवडीने झालेली भेट.

भाच्याने बाहेरून एक किलोओहमचा रोध जोडला. करंगळीच्या जागी मूठ आली, पाच मिलिअँपिअरची. सोबत ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, डाळीच्या दाण्याएवढा. हा कपॅसिटर म्हणजे आमचे थोरले काका. त्यांच्यासमोर कुणी काही टाकून बोललं की ते लगेच उत्तर देत नाहीत, आवंढा गिळतात. हाही सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता आवंढा गिळतो. तेवढ्यात ठिणगी विरून जाते. गाड्याने खरोखर बटण दाबलं तर ते त्याहून कितीतरी जास्त वेळ दाबलेलं राहतं, त्यामुळे खरं संकट काकांच्या नजरेतून सुटत नाही. शिवाय स्विच उलटे केले. पूर्वी ते एरवी उघडे असायचे आणि धक्का लागला की जुळायचे. आता एरवी जुळलेले असतात आणि धक्का लागला की उघडतात. तार सदैव जमिनीशी हात धरून बसलेली, त्यामुळे सोम्यागोम्याने ओढून हलत नाही. आणि तार कुठे तुटलीच, तर यंत्र ताबडतोब थांबतं. आधीच्या पद्धतीत तुटलेल्या तारेचा पत्ता गाडा भिंतीवर आदळल्यावर लागला असता.

यानंतर पीळ. दोन तारा एकमेकींभोवती वळल्या की बाहेरून आलेला उपद्रव एका वेढ्यात एका दिशेने उमटतो, पुढच्या वेढ्यात उलट दिशेने, आणि बेरीज जवळपास शून्य. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये याचं पेटंट घेतलं. भाचा म्हणाला, ‘‘मामा, ड्रिल मशीनमध्ये एक टोक धरू, दुसरं मामी धरेल.’’ मामी हॉलच्या दारात तार धरून उभी राहिली. मी ड्रिल सुरू केलं आणि दोन सेकंदांत तार मामीच्या हातून सुटून झुंबराला गुंडाळली गेली. त्यावर आई उठली. तारा घेतल्या, जमिनीवर बैठक मारली आणि वाती वळते तशा मांडीवर वळत सुटली. आयुष्यभर लाखाच्या वाती केलेला हात. अर्ध्या तासात तीन जोड्या, वेढे असे एकसारखे की भाच्याने मोजपट्टी लावून पाहिली. ‘‘याला तूप लावायचं का?’’ एवढंच तिने विचारलं.

स्विचच्या तारांवर जाळीचं आवरण, म्हणजे शिल्ड, घालायचं ठरलं आणि तिथे आमचं वाजलं. मी वाचलं होतं की शिल्ड एकाच टोकाला जमिनीला जोडायची. दोन्हीकडे जोडली की तिच्यातूनच वीज चक्कर मारत बसते आणि आवरणच गोंगाट करायला लागतं. भाचा म्हणे, भोसरीत मोटरीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या केबलींना आम्ही दोन्ही टोकांना बांधतो. बराच वेळ आम्ही ‘एक टोक’ आणि ‘दोन टोकं’ असे दोन पंथांसारखे भांडलो. मग लक्षात आलं की दोघंही खरं बोलतोय. त्याची केबल ओरडणारी, तिला घरातच कोंडायचं असतं. माझी ऐकणारी, तिचे फक्त कान झाकायचेत. इतकी वर्षं संसार करून मला हा फरक केबलकडून शिकावा लागला.

पण एक टोक बांधायचं तरी कुठे? अर्थला. म्हणून सॉकेटचं तिसरं भोक तपासायला वायरमनला बोलावलं. थ्री पिनची वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, ती उगाच नाही. लांब, म्हणजे प्लग घालताना आधी तीच टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी. जाड, म्हणजे चुकूनही भलत्या भोकात शिरू नये. एवढी शहाणी पिन आपल्याकडे लोक सर्रास कापून टाकतात, दोन भोकांच्या बोर्डात बसत नाही म्हणून. वायरमनने दिवा लावून पाहिला, बोर्ड उघडला, आत बोट घातलं आणि म्हणाला, ‘‘साहेब, भोक हाय. अर्थ न्हाई.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे मागं वायरच आली न्हाई. सगळ्या बिल्डिंगीतच न्हाई.’’

बावीस वर्षं मी या घरात राहतोय. या घरात काही अर्थ नाही, असं आई अधूनमधून म्हणायची. तो टोमणा मी आमच्या संसारावर समजत होतो. विनोद बाजूला ठेवून सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही. यंत्राचं सोडा, गीझर बावीस वर्षं तसाच चालला होता.

सोसायटीची सभा बोलावली. नोटिशीत विषय लिहिला, ‘इमारतीच्या अर्थाबाबत’. खजिनदार तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या काखेत मारून आले आणि सभा सुरू व्हायच्या आधीच घाम पुसत होते. विषय निराळा आहे हे कळल्यावर त्यांनी सुटकेच्या भरात खर्चाला लगेच मंजुरी देऊन टाकली. आमच्या सोसायटीच्या इतिहासात इतका मोठा ठराव चहा येण्याआधी कधी झालेला नाही.

मागच्या बाजूला खड्डा खणला. त्यात तांब्याचा पत्रा उभा, भोवती कोळशाचे आणि मिठाचे थर. मीठ ओल धरतं, आणि ओल्या खारट मातीतून वीज सहज उतरते. कामगार मिठाची पोती ओतताना पाहून तळमजल्याच्या आजींनी खिडकीतून विचारलं, ‘‘एवढी मोठी दृष्ट कुणाची?’’ उन्हाळ्यात या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. ती जबाबदारी सभेने एकमताने माझ्यावर टाकली. मी बादली घेऊन काहीही न उगवलेल्या जमिनीला पाणी घालतो, आणि सकाळी फिरायला जाणारे लोक माझ्याशी हल्ली जरा हळू आवाजात बोलतात.

भुसा ओढणाऱ्या व्हॅक्युमच्या प्लॅस्टिक नळीला उघडी तांब्याची तार गुंडाळून तीही अर्थला जोडली, कारण कोरड्या हवेत भुसा घासून नळीत इतकी स्थिर वीज साठते की एकदा तिने मलाच फटका दिला होता. यूएसबी केबल आखूड घेतली. तिच्यावर फेराइटचा काळा मणी चढवला. ‘‘मामा, एका वेळी एकच बदल करा,’’ भाचा सांगत होता, ‘‘नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही.’’ पण मी अशा घराण्यातला, जिथे तापाला क्रोसीन, काढा, साबुदाण्याच्या गोळ्या आणि अंगारा एकाच दिवशी देतात. सगळं एकदम केलं. यंत्र सलग सहा तास चाललं, अलार्म नाही. आता कशाने गुण आला हे कळत नसल्यामुळे काहीच काढायची हिंमत होत नाही. लिंबू-मिरचीसुद्धा तशीच आहे. दर शनिवारी बदलतो.

उरलं होतं ते काकूंकडे जाणं. चितळ्यांकडून पेढे घेतले आणि वर गेलो. ‘‘काकू, मिक्सर हवा तेव्हा लावा. बिघाड माझ्याकडेच होता.’’

‘‘ते मला माहीत होतं,’’ काकू म्हणाल्या.

‘‘कसं काय?’’

‘‘तुमचं घुर्र सुरू झालं की माझा रेडिओ गेलाच म्हणून समजा. नुसती खरखर. वर्षभर संध्याकाळी एक गाणं धड ऐकलेलं नाही. तुमच्या मिसेसना तीनदा सांगितलं मी.’’

मी खाली येऊन बायकोला विचारलं. ती कणीक मळत होती. ‘‘सांगणार होते. पण यंत्र चालू असताना मध्ये बोलायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय ना?’’

भाच्याने राउटरच्या प्लगपाशी बसवायला एक लाइन फिल्टर आणून दिला होता, तो ठिणग्यांची खरखर घराच्या वायरिंगमध्ये शिरू देत नाही. अलार्म थांबलाय म्हटल्यावर मी तो तसाच खोक्यात ठेवला होता. काकूंनी आपला ट्रान्झिस्टरच माझ्या हाती दिला. ‘‘हा चालू ठेवा आणि ऐकत ऐकत दुरुस्ती करा.’’ काट्याने स्टेशनच्या किंचित बाजूला लावलेला मीडियम वेव्हचा रेडिओ हे गोंगाट हुंगणारं उत्तम कुत्रं आहे, हे त्या संध्याकाळी कळलं. यंत्राभोवती तो फिरवला, की जिथे खरखर वाढते तिथे चोर. राउटरच्या केबलपाशी तर तो भुंकायलाच लागला. फिल्टर बसवला, आणि त्याचं भुंकणं गुरगुरण्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः खाली आल्या, वाटीभर ओल्या नारळाची चटणी घेऊन. गाणी स्वच्छ ऐकू आली म्हणाल्या. मी उत्साहाने त्यांना बाल्कनीत नेलं. यंत्रावर सागाची नवी फळी बांधलेली होती. ‘‘बघा काकू, आज पूर्ण पाटी होणार. ‘येथे गाडी लावू नये’. अगदी ‘नये’पर्यंत.’’

काकूंनी फळीवरून हात फिरवला. ‘‘छान आहे हो. पण घाई नका करू. ती स्कूटर आमच्या नातवाची आहे.’’